कुंभाराचं गाढव आणि बंद पडलेलं वाय-फाय

आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी आयोजकांना विचारलं म्हणे, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथे काय काम? प्रश्न रास्त आहे. पण मी वर्गात इतकी वर्षं जे शिकवलं ते एवढंच, की पुरावा कशाला म्हणावं आणि कोणाच्या शब्दावर किती विश्वास ठेवावा. आणि हा प्रश्न आज तुमच्यापुढे सर्वांत जास्त वेळा कुठे उभा राहतो? संगणकाच्या पडद्यावर. 'या ड्रायव्हरच्या प्रकाशकाची खात्री करता येत नाही, तरीही बसवायचा का?' खाली दोन बटणं. काम अडलेलं असतं, मुलगा परदेशातून व्हिडिओ कॉलवर यायची वेळ झालेली असते, आपण 'हो' दाबून मोकळे होतो. (हशा)

आज मी फक्त विंडोजबद्दल बोलणार आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तेच आहे. आणि दोनच गोष्टी घेणार आहे: ड्रायव्हर आणि नेटवर्क. या दोन्ही एकत्र घ्यायचं कारण असं, की नेट बंद पडलं की माणूस घाईघाईने जी पहिली गोष्ट बंद करतो ती म्हणजे सुरक्षा.

आधी ड्रायव्हर. हा शब्द आपण गाडीच्या चालकासाठी वापरतो, त्यामुळे थोडा घोटाळा होतो. इथे दुभाष्या समजा. तुमच्या लॅपटॉपमधली वाय-फायची चिप एका कंपनीची, शेजारच्यांच्या लॅपटॉपमधली दुसऱ्या कंपनीची. दोघींची भाषा वेगळी. विंडोजला प्रत्येकीची भाषा येत नाही. म्हणून चिप बनवणारा आपला दुभाष्याही सोबत देतो, तो ड्रायव्हर.

आता हा दुभाष्या कुठे बसतो ते महत्त्वाचं. देवळाची रचना डोळ्यापुढे आणा. सभामंडपात कोणीही येतं. ब्राउझर, वर्ड, पत्त्यांचा खेळ, हे सगळे सभामंडपातले. त्यातला एखादा कोसळला तर तोच बंद पडतो, बाकीच्यांना कळतही नाही. गाभाऱ्यात मात्र मोजक्यांनाच प्रवेश. संगणकाच्या या गाभाऱ्याला कर्नल म्हणतात. सगळेच ड्रायव्हर तिथे नसतात, पण वाय-फाय, ग्राफिक्स, अँटिव्हायरस यांचे ड्रायव्हर बहुतेक आतच असतात. आत गेलेल्याला सगळं दिसतं: तुम्ही टाइप केलेला पासवर्ड, मेमरीत उघडी असलेली फाईल, सगळं. आणि आतल्याचा पाय घसरला तर अख्खं देऊळ बंद. पडदा निळा होतो तो याचसाठी. पुढे जाऊन आणखी नुकसान होण्यापेक्षा सगळं थांबवलेलं बरं, असा विंडोजचा तो निर्णय असतो.

१९ जुलै २०२४ हा दिवस आठवतो का? जगभर विमानतळ, बँका, रुग्णालयं ठप्प झाली. आपल्याकडे काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास प्रवाशांना दिले गेले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. तो हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा ड्रायव्हर गाभाऱ्यात बसलेला होता. तो स्वतः नीट तपासलेला, सही असलेला. पण तो जी माहितीची फाईल वाचायचा तिची नवी आवृत्ती आली. ड्रायव्हरची तयारी २० रकाने वाचण्याची आणि नव्या मजकुराला हवा होता २१वा. नसलेल्या जागी हात घातला, आणि खेळ खलास. म्हणजे सही ड्रायव्हरवर होती, तो पुढे काय वाचणार यावर नव्हती. हा फरक लक्षात ठेवा, त्याकडे पुन्हा येतो.

सही म्हणजे काय? आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा शब्द. आता मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक असा अर्थ रुळला, त्यामुळे फसायला होतं. न्यायात आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट स्वतः माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. वात्स्यायन तर म्हणतो, की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू. म्हणजे कुळ बघू नका, या दोन अटी बघा.

ड्रायव्हरवरची डिजिटल सही यातलं काय सांगते? दोनच गोष्टी. हा ड्रायव्हर अमक्याच्या हातून आला, आणि तिथून निघाल्यावर वाटेत कोणी त्यात बदल केला नाही. बस. तो शहाणा आहे का, त्याचा हेतू चांगला आहे का, यातलं सही काहीच सांगत नाही. पाकिटावरचं लाखेचं सील जसं. सील शाबूत आहे म्हणून आतलं पत्र खरं ठरत नाही.

विंडोज व्हिस्टाच्या ६४-बिट आवृत्तीपासून गाभाऱ्यातल्या ड्रायव्हरला सही सक्तीची झाली. तरी २०१० साली स्टक्सनेट सापडलं, इराणच्या अणुकेंद्रातली यंत्रं बिघडवण्यासाठी बनवलेलं. त्याच्या ड्रायव्हरवर सह्या होत्या, आणि त्या खऱ्या होत्या. रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानच्या दोन नामांकित कंपन्यांची सहीची किल्ली चोरून केलेल्या. आप्ताची मोहोरच चोरीला गेली. पुढे २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने नियम आणखी कडक केला. नव्या ड्रायव्हरवर कंपनीची सही पुरत नाही, तो आमच्याकडे पाठवा, आम्ही सही करू. आणि त्याच वर्षी दुसऱ्या प्रकारची गंमत झाली. कॅपकॉम या जपानी खेळकंपनीने खेळात कोणी लबाडी करू नये म्हणून एक ड्रायव्हर पाठवला. कंपनी खरी, सही खरी, हेतूही वाईट नाही. पण त्या ड्रायव्हरने गाभाऱ्याचं दारच असं उघडं ठेवलं, की सभामंडपातला कोणीही आपला कोड आत चालवू शकेल. कंपनीने तो मागे घेतला. पण सही असलेली फाईल एकदा जगात गेली की गेली. आता चोर स्वतः ड्रायव्हर लिहीत बसत नाही. असा एखादा प्रतिष्ठित पण भोळा ड्रायव्हर बरोबर आणतो, तुमच्या संगणकात बसवतो आणि त्याच्या पाठीमागून आत शिरतो.

म्हणून विंडोजमध्ये आता अशा ड्रायव्हरांची काळी यादी असते. विंडोज ११ च्या २०२२ च्या आवृत्तीपासून ती आपोआप चालू असते. आणि 'कोअर आयसोलेशन'खाली 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं एक बटण असतं. गाभाऱ्यात कोणता कोड चालू द्यायचा याची तपासणी ते बटण गाभाऱ्याच्याही बाहेर, वेगळ्या बंदिस्त खोलीत नेतं. तुमचा जुना स्कॅनर किंवा जुनं ब्लूटूथ अचानक चालेनासं झालं, तर पुष्कळदा याच दोघांपैकी कोणीतरी त्याला अडवलेलं असतं. तुमच्या नातवाने यूट्यूबवर पाहून 'आजोबा, हे बंद केलं की चालतं' असं सांगितलं असेल. चालतंही. पण का अडवलं होतं, ते कोणी विचारलं का?

आता तपासणी कशी करायची ते बघू. स्टार्टच्या खुणेवर उजवी क्लिक करा, 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. नेटवर्क अडॅप्टर्सखाली तुमचं वाय-फाय दिसेल. त्यावर पिवळा त्रिकोण असेल तर डबल क्लिक करून आत जा. तिथे एक वाक्य आणि एक अंक असतो, ते दोन्ही जसंच्या तसं वहीत लिहून घ्या. लोक मला फोन करून सांगतात, 'काहीतरी एरर आलीय.' अहो, डॉक्टरकडे जाऊन 'काहीतरी दुखतंय' एवढंच सांगून चालतं का? अंकाला अर्थ असतो. २८ म्हणजे दुभाष्या बसवलेलाच नाही. ४३ म्हणजे त्या उपकरणानेच बिघाड झाल्याचं कळवलं, म्हणून विंडोजने त्याला थांबवलं. इथे दोष चिपमध्ये असू शकतो, केबलमध्ये असू शकतो, ड्रायव्हरमध्येही असू शकतो. आणि ५२ म्हणजे सहीची खात्री पटत नाही.

५२ आला की इंटरनेटवर एक उपाय हमखास सापडतो: संगणक विशिष्ट पद्धतीने सुरू करा आणि सही तपासणं बंद करा. तो बदल तेवढ्या एका वेळेपुरताच टिकतो, पुढच्या वेळी पुन्हा ५२. मग दुसरा सल्ला येतो, 'टेस्ट मोड' लावा. तो कायमचा राहतो. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात 'टेस्ट मोड' अशी अक्षरं दिसतात ना, ती त्याची खूण. ही सोय ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी आहे. ज्या संगणकावरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता तिथे ती अक्षरं दिसत असतील, तर कोणीतरी गाभाऱ्याचं कुलूप काढून ठेवलंय असं समजा.

त्याच खिडकीत 'ड्रायव्हर' नावाचा भाग आहे. तिथे पुरवठादार, तारीख, आवृत्ती आणि सही कोणाची हे दिसतं. इथे एक मजेदार गोष्ट सांगतो. पुष्कळ ठिकाणी तुम्हाला २१ जून २००६ ही तारीख दिसेल. माणूस घाबरतो, 'बाप रे, इतका जुना!' आणि मग ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारं कुठलं तरी फुकट सॉफ्टवेअर उतरवतो. खरं असं आहे, की मायक्रोसॉफ्टने आपल्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर ती तारीख मुद्दाम घातलेली आहे. कारण तारीख बघून निवड करताना चिप बनवणाऱ्याचा ड्रायव्हर नेहमी नवीन ठरावा आणि त्याला प्राधान्य मिळावं. म्हणजे तारीख जुनी, ड्रायव्हर जुना नव्हे. धूर दिसला म्हणून अग्नी म्हणावं, तर हा धूर नव्हेच, धुकं आहे. आणि ते अपडेट करून देणारं सॉफ्टवेअर? माझं मत विचाराल तर अजिबात घेऊ नका. ड्रायव्हर घ्यायच्या जागा दोनच: विंडोज अपडेट, आणि ज्या कंपनीचा लॅपटॉप किंवा चिप आहे तिचं स्वतःचं संकेतस्थळ. अपडेटनंतर बिघडलं असेल तर त्याच खिडकीत 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे, आधीचा दुभाष्या परत बोलावता येतो. ते बटण पुसट दिसत असेल तर आधीचा शिल्लक नाही, एवढाच अर्थ.

इथवर ड्रायव्हर. समजा त्रिकोण नाही, ड्रायव्हर ठीक दिसतो, तरी नेट नाही. मग काय?

मग सर्वांत आधी संगणकाला हातच लावू नका. त्याच वाय-फायवर मोबाइल लावा आणि मोबाइलचा डेटा बंद करा. मोबाइलवर चाललं तर राउटर आणि बाहेरची लाइन दोन्ही निर्दोष. उलट, मोबाइल यूएसबी केबलने संगणकाला जोडा आणि 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. आता संगणक वाय-फायच्या चिपला वगळून नेटवर जातोय. चाललं तर ब्राउझर, प्रॉक्सी वगैरे निर्दोष, दोष वाय-फायच्या बाजूला. दोन मिनिटांत अर्धं घर तपासून झालं, आणि एकही सेटिंग बदललं नाही. ही पद्धत फार जुनी आहे, तिला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. हे असताना ते असतं, हे नसताना ते नसतं, अशा दोन्ही बाजूंनी बघायचं.

मग काळी खिडकी उघडायची, 'कमांड प्रॉम्प्ट'. घाबरू नका, बघण्याने काही बिघडत नाही. त्यात इंग्रजी अक्षरांत आयपीकॉन्फिग असा सलग शब्द लिहून एंटर दाबा. तुमच्या संगणकाला मिळालेला पत्ता दिसेल. घरात तो बहुतेक १९२.१६८ ने सुरू होतो. जर तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर ती फार बोलकी खूण आहे. संगणकाने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, तेव्हा त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला. पंगतीत कोणी पान वाढलं नाही म्हणून स्वतःच कोपऱ्यात पाट मांडून बसल्यासारखं. याचा अर्थ असा, की संगणक जोडणी झाली असं समजतोय, पण राउटरशी त्याचं बोलणं पुरं झालेलं नाही. राउटर बंद करून चालू करा, वाय-फाय 'फर्गेट' करून पासवर्ड पुन्हा घाला. डीएनएस बदलून इथे काही होणार नाही, ती पुढची पायरी आहे.

पत्ता ठीक असेल तर तिथेच 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून एक क्रमांक दिसतो, तो तुमच्या राउटरचा. पिंग लिहून जागा सोडून तो क्रमांक लिहा. उत्तर आलं म्हणजे घराच्या दारापर्यंत वाट मोकळी. मग पिंग आणि चार वेळा ८, मध्ये टिंब. तो गूगलचा सर्व्हर आहे. उत्तर आलं म्हणजे गावाबाहेरची वाट मोकळी. मग क्रमांकाऐवजी एखाद्या संकेतस्थळाचं नाव घालून पिंग करा. क्रमांकाला उत्तर येतं आणि नाव सापडतच नाही असं होत असेल, तर रस्ता ठीक आहे, नावावरून पत्ता सांगणारा बिघडला आहे. त्याला डीएनएस म्हणतात. पुष्कळ ठिकाणी आधी १२७.०.०.१ ला पिंग करायला सांगतात. तो संगणकाने स्वतःलाच दिलेला आवाज आहे. त्यात वाय-फायची चिप तपासली जातच नाही, तेव्हा त्यावर वेळ घालवू नका.

एक सावधगिरी. पिंगला उत्तर आलं तर ते पक्कं. पण उत्तर नाही आलं, तर 'तिथे कोणी नाही' असं लगेच म्हणू नका. अनुपलब्धी हे प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी एक अट घातली आहे: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून नसणं सिद्ध होतं. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं ठरत नाही. पुष्कळ सर्व्हर आणि फायरवॉल पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. म्हणून एका ठिकाणाहून गप्प राहिलं तर दुसरीकडे विचारा.

डीएनएस बिघडतो म्हणजे किती बिघडतो? २०११ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने एक टोळी उघडकीस आणली, एस्टोनियातले सहा जण पकडले गेले. त्यांच्या डीएनएसचेंजर या सॉफ्टवेअरने शंभराहून जास्त देशांत मिळून सुमारे ४० लाख संगणकांवर एकच सेटिंग बदललं होतं: नावावरून पत्ता कोणाला विचारायचा. लोक विचारायचे योग्य नाव आणि उत्तर मिळायचं टोळीच्या सोयीचं. दिसायला सगळं सुरळीत. जाहिराती मात्र त्यांच्या, पैसा त्यांचा. आता टोळी पकडली, पण तिचे सर्व्हर बंद केले असते तर लाखो लोकांचं नेट एका क्षणात गेलं असतं. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवून काही महिने चालवले आणि ९ जुलै २०१२ ला बंद केले. त्या दिवशी ज्यांचं नेट गेलं, त्यांची लाइन ठीक होती, वाय-फाय ठीक होतं, ड्रायव्हर ठीक होता. फक्त ज्याला पत्ता विचारत होते तो उरला नव्हता. म्हणून वायफायच्या गुणधर्मांत डीएनएस 'ऑटोमॅटिक' आहे की कोणी हाताने क्रमांक भरलेत ते बघा. हाताने भरलेले असतील आणि ते तुम्ही भरले नसतील, तर कोणी भरले ते शोधा. राउटरचा मूळचा पासवर्ड अजून 'अ‍ॅडमिन' असेल तर आज घरी गेल्यावर तो बदला. तिथेही हेच सेटिंग असतं आणि तिथे बदललं की घरातली सगळी उपकरणं एकदम फसतात.

आता गाढवाकडे येऊ. (हशा)

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांचं वाय-फाय बंद पडलं. दुरुस्तीवाला आला. त्याने फायरवॉल बंद केली, अँटिव्हायरस काढला, मेमरी इंटिग्रिटी बंद केली, संगणक बंद करून पुन्हा चालू केला. नेट आलं. 'काका, तुमच्या सिक्युरिटीमुळे होत होतं,' असं म्हणून पैसे घेऊन तो गेला. काका खूश. आठ दिवसांनी नेट पुन्हा गेलं आणि आता बंद करायला काही शिल्लकच नव्हतं.

न्यायात कारणाची चर्चा करताना कुंभाराचं उदाहरण येतं. घडा होण्याआधी माती होती, चाक होतं, दांडा होता, कुंभार होता, आणि माती वाहून आणणारं गाढवही होतं. मग गाढव घड्याचं कारण का नाही? घड्याच्या आधी तर तेही होतं. उत्तर असं, की गाढवाशिवायही घडा होतो, माती डोक्यावर वाहून आणली तरी चालते. असं जे आधी हजर असतं पण ज्याच्यावाचून अडत नाही, त्याला अन्यथासिद्ध म्हणतात. त्या दुरुस्तीवाल्याने चार गोष्टी एकदम केल्या. त्यातलं गाढव कोणतं आणि चाक कोणतं, हे त्याला कळायला मार्गच नव्हता.

मी त्या गृहस्थांना म्हटलं, एकेक गोष्ट परत चालू करा आणि प्रत्येक वेळी संगणक पुन्हा सुरू करून बघा, तारीखवार लिहून ठेवा. फायरवॉल चालू केली, नेट चालूच. मेमरी इंटिग्रिटी चालू केली, चालूच. वहीत दिसून आलं ते वेगळंच: लॅपटॉप झाकण मिटून ठेवला आणि नंतर उघडला, की नेट जायचं. पूर्ण बंद करून चालू केला की यायचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फायच्या गुणधर्मांत 'पॉवर मॅनेजमेंट' म्हणून भाग असतो. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी आहे का, असं तिथे विचारलेलं असतं, आणि चौकटीत टिक होती. झोपेतून उठताना ड्रायव्हर चिपला जागं करत नव्हता. टिक काढली, पुढे लॅपटॉपच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर घातला, प्रश्न मिटला. फायरवॉलचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नव्हता.

सुरक्षेचा दोष कधीच नसतो असं मी म्हणत नाही. असतो. व्हीपीएन किंवा अँटिव्हायरस काढून टाकल्यावर त्याचा एखादा गाळणी-ड्रायव्हर नेटवर्कच्या मार्गात तसाच राहतो आणि सगळं अडवतो. त्यावर त्या कंपनीने दिलेलं काढून टाकण्याचं साधन वापरावं. किंवा पिंगला उत्तर येतं पण ब्राउझर काहीच उघडत नाही, तेव्हा सेटिंग्जमध्ये 'प्रॉक्सी' बघा, कोणीतरी मधला मध्यस्थ नेमून ठेवलेला असतो. घरातला प्रिंटर सापडत नाही म्हणून फायरवॉल बंद करणारेही खूप. तिथे बहुधा घरचं वाय-फाय 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं असतं, म्हणजे संगणक स्वतःला रेल्वे स्टेशनवर समजून पदर सावरून बसलेला असतो. ते 'प्रायव्हेट' करा, फायरवॉल चालूच राहू द्या. आणि फक्त स्टेशनवरचं वाय-फाय मात्र 'प्रायव्हेट' करू नका.

घड्याळही बघा. जुन्या डेस्कटॉपच्या आतलं नाण्याएवढं सेल संपलं की तारीख काही वर्षं मागे जाते. मग प्रत्येक संकेतस्थळ 'सुरक्षित नाही' असं दिसतं, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते आणि तुमच्या संगणकाच्या मते ती अजून सुरूच झालेली नाही. तिथे 'तरीही पुढे जा' दाबण्याऐवजी तारीख दुरुस्त करा आणि सेल बदला.

'नेटवर्क रिसेट' हे बटण शेवटचं. ते सगळे अडॅप्टर काढून पुन्हा बसवतं, साठवलेले वाय-फायचे पासवर्ड जातात, व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं. चालतं पुष्कळदा. पण काय बिघडलं होतं ते कायमचं पुसलं जातं, म्हणून वहीत सगळं उतरवून झाल्यावरच.

प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून: सर, कंपनीतून बोलतोय असं सांगून फोन येतो, तुमच्या संगणकात व्हायरस आहे, आम्ही दुरुस्त करतो म्हणतात. ते काळ्या खिडकीत खुणाही दाखवतात.)

हो, दाखवतात. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडायला लावून लाल खुणा दाखवतात. ताई, त्या लाल खुणा धडधाकट संगणकातही असतात. आणि आप्ताच्या दोन अटी इथे लावून बघा. त्याला तुमच्या संगणकातलं माहीत असायला मार्ग काय? तुम्ही तक्रारच केलेली नाही, त्याने काही पाहिलेलं नाही. पहिलीच अट पडली, दुसरीपर्यंत जायलाच नको. फोन ठेवा. आणि त्याने सांगितलेलं दूरवरून संगणक चालवण्याचं ॲप आधीच उतरवून झालं असेल तर नेट लगेच तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर तिथे जितकं लवकर कळवाल तितकं बरं.

(श्रोत्यांमधून: माझा जुना स्कॅनर मेमरी इंटिग्रिटी चालू असताना चालत नाही. कंपनीने नवा ड्रायव्हर काढलेला नाही. घरातली जुनी कागदपत्रं स्कॅन करायची आहेत. काय करू?)

विंडोज सिक्युरिटीमध्ये, मेमरी इंटिग्रिटीच्या पानावर, न जमणाऱ्या ड्रायव्हरांची यादी दिसते. त्यात खरंच स्कॅनरचंच नाव आहे का ते आधी बघा. कधी कधी तिथे भलताच कोणी असतो, आणि स्कॅनरचं कारण साधी केबल असते. स्कॅनरचाच असेल, तर तो काढून विंडोजचा स्वतःचा साधा ड्रायव्हर स्कॅनर ओळखतो का ते बघा. तेही नाही जमलं, तर घरात एखादा जुना लॅपटॉप पडलेला असेलच. त्यावर तो स्कॅनर लावा, त्याचं वाय-फाय कायमचं बंद ठेवा, आणि स्कॅन केलेल्या फाईली पेनड्राइव्हने इकडे आणा. किती कागद आहेत?

(श्रोत्यांमधून: तीन ट्रंका.)

मग जुन्या लॅपटॉपचा चार्जर आधी शोधा.